संत्र्याची चकती: विणकामाच्या खुणांसाठी पॉलिमर क्ले

माझ्या मावशीच्या विणकामाच्या पिशवीत खुणेसाठी दोनच वस्तू असायच्या: लाल लोकरीचे बोटभर तुकडे आणि सेफ्टी पिना. गळ्यापासून खाली विणत जायच्या स्वेटरला चार ठिकाणी टाके वाढवायचे असतात. त्या चार जागी ती लाल तुकड्याचं कडं बांधून सुईवर चढवायची आणि दर ओळीला डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवत न्यायची. काम चोख व्हायचं. पण लाल तंतू पांढऱ्या लोकरीत मिसळायचे, आणि सेफ्टी पिनेच्या खालच्या वेटोळ्यात लोकर शिरली की ती सोडवताना टाका हमखास ओढला जायचा.

मी नागपुरात लहान बाळांचे स्वेटर, टोपडी, मोजे विणते, क्रोशाच्या बाहुल्याही करते. आता खुणांसाठी लागणारे मार्कर घरीच पॉलिमर क्लेचे बनवते. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे आडव्या कापलेल्या संत्र्याची चकती. आज तीच कशी करायची ते सगळं सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मार्कर हे अवजार आहे. तो सुईवर आहे हे हाताला आणि टाक्याला जाणवता कामा नये. जड, खरबरीत किंवा सैल कडीचा मार्कर कितीही देखणा असला तरी विणकाम बिघडवतो. मी पहिल्यांदा हौसेने सीताफळं केली होती, प्रत्येक डोळा वेगळा उठवलेला. दिसायला सुरेख, पण दर ओळीला लोकरीचा एक तंतू त्या डोळ्यांत अडकायचा. ती सीताफळं आता पिशवीच्या चेनला लावली आहेत.

क्ले कोणती घ्यायची

दुकानात नुसतं 'क्ले द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा हवेवर वाळणारी क्ले पुढे येते, नाहीतर दोन भाग एकत्र मळायची 'शिल्पकार' नावाची क्ले. या दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण आपल्याला हवी ती वेगळी. पॉलिमर क्लेत माती नसतेच. ती पीव्हीसी प्लास्टिकची बारीक भुकटी असते आणि तिला मऊ ठेवणारा एक तेलकट द्रव व रंग तिच्यात मिसळलेले असतात. पाणी नसल्यामुळे ती हवेवर वाळत नाही. ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला भाजली की भुकटीचे कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणून पाकिटावर भाजण्याचं तापमान आणि वेळ छापलेली आहे का, एवढं बघा. फिमो, स्कल्पी, सर्निट ही नावं आपल्याकडे ऑनलाइन मिळतात. फिमोचा उगम मला फार आवडतो. जर्मनीत बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रूसे यांची मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी, हिने हा प्रकार हाताळला आणि १९६४ च्या सुमारास तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला.

फिमो आणि स्कल्पीची लहान वडी साधारण ५७ ग्रॅमची असते. संत्र्यासाठी चार रंग हवेत: नारिंगी, पांढरा, अर्धपारदर्शक आणि चिमूटभर पिवळा. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारातले घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण आपण पुढे सगळे रंग एकत्र दाबून लांबवणार आहोत. एक रंग मऊ आणि दुसरा कडक असला तर मऊ रंग आधी पळतो आणि फोडी वाकड्या होतात.

विणणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. आपल्या हातांवर, कपड्यांवर, टेबलावर लोकरीची कुसं असतात आणि पांढरी क्ले ती चुंबकासारखी ओढून घेते. मी क्ले काढते त्या दिवशी लोकरीची पिशवी दुसऱ्या खोलीत ठेवते, सुती गाउन घालते, हात धुऊन ओल्या वाइपने पुसते आणि कायम पांढऱ्यापासून सुरुवात करून गडद रंगाकडे जाते. नारिंगी हाताळलेल्या बोटांनी पांढऱ्याला हात लावायचा नाही.

आणि काचेवर काम करा. माझ्याकडे जुन्या फोटोफ्रेमची जाड काच आहे, कडांना चिकटपट्टी लावलेली. कच्ची क्ले पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या डबीत राहिली तर तिच्यातला द्रव ते पॉलिश आणि ते प्लास्टिक विरघळवतो. आमच्या टीपॉयवर वडीच्या आकाराचा डाग अजून आहे. साठवायला झिपची पिशवी किंवा तळाशी ५ आकडा छापलेला मऊ प्लास्टिकचा डबा चालतो.

फोडींची वळी

संत्र्याची एकेक चकती वेगळी बनवायची नसते. काचेच्या मण्यांचे कारागीर करतात तशी एक जाड वळी रचायची. तिच्या आडव्या छेदात आख्खं चित्र असतं. मग ती वळी लांबवून बारीक करायची आणि काकडीसारखे काप काढायचे. चित्र लहान होतं, पण मोडत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा टोक कापल्यावर आतली आठ फोडींची चकती बघून कितीतरी वेळ ती नुसती हातात धरून बसले होते.

आधी प्रत्येक रंग मळून घ्या. पुरणपोळीच्या कणकेइतका वेळ द्या. वळी करून वाकवली आणि कडेला भेग पडली नाही की झालं. थंडीत क्ले चुरचुरते, तेव्हा वडी झिपच्या पिशवीत घालून दहा मिनिटं अंगाशी धरा. आमच्याकडे मे महिन्यात उलटं होतं, ती बोटांना लोण्यासारखी चिकटते. तेव्हा तिचा पातळ थर दोन कोऱ्या कागदांमध्ये तासभर ठेवायचा. कागद जादा द्रव शोषतो, कागदावर तेलकट ओल दिसते आणि क्ले ताळ्यावर येते.

अर्धपारदर्शक क्लेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि त्यात वाटाण्याएवढी नारिंगी व मुगाएवढी पिवळी मिसळा. रंग फिका वाटेल, वाटू द्या. भाजल्यावर अर्धपारदर्शक क्ले खुलते आणि रंग गडद होतो. हिचा २ सेंटिमीटर जाडीचा, ४ सेंटिमीटर लांबीचा दंडगोल करा. पांढरीची दीड मिलिमीटर जाड पोळी लाटा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची पुठ्ठ्याची पट्टी ठेवून त्यावरून लाटणं फिरवलं की पोळी सगळीकडे एकसारखी होते. लाटणं आणि काच क्लेसाठीच वेगळी ठेवायची, स्वयंपाकघरात परत न्यायची नाही. ही पोळी दंडगोलाभोवती एकच वेढा गुंडाळा. जोड एकावर एक न चढवता कडेला कड भिडवा.

आता हा दंडगोल हळूहळू लाटत ३२ सेंटिमीटर लांब करा आणि त्याचे ४ सेंटिमीटरचे आठ तुकडे करा. खऱ्या नागपुरी संत्र्यात दहा-अकरा फोडी असतात. मीही दहा करून पाहिल्या, पण ९ मिलिमीटरच्या चकतीत त्या एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसतात. आठ फोडी लांबूनही संत्र्याच्याच वाटतात.

प्रत्येक तुकड्याची एक बाजू चिमटीने पूर्ण लांबीभर दाबून टोकदार करा, म्हणजे छेद थेंबासारखा होईल. आठही थेंब टोकं आत करून गोल रचा. मध्यभागी पोकळी राहिली तर पांढरीची सुईसारखी बारीक वळी आत सरकवा. बाहेरून दोन फोडींच्या मध्ये जी खाच उरते तिथेही पांढरी भरा. हा टप्पा गाळला तर पुढे दाबताना नारिंगी साल त्या खाचांत शिरते आणि संत्र्याऐवजी फूल तयार होतं. मग सगळ्यावर पांढरीचा १ मिलिमीटरचा वेढा आणि त्यावर नारिंगीचा २ मिलिमीटरचा. वळी आता साधारण पावणेतीन-तीन सेंटिमीटर जाड झालेली असेल.

तिला लगेच लाटू नका. दोन्ही हातांच्या पंजात धरून मधोमध आवळा, वळीला कंबर येईपर्यंत. मग तिथून टोकांकडे दाबत जा, दर वेळी थोडी फिरवत. सुरुवातीला फक्त दाबायचं, कारण लाटलं तर बाहेरचा थर आधी पळतो आणि आतलं चित्र मागे राहतं. बोटाएवढी झाली की मग काचेवर लाटा. ९ मिलिमीटर जाडीपर्यंत आणली की वळी हातभर लांब होते. दोन्ही टोकांचे दोन-तीन सेंटिमीटर विस्कटलेलेच निघतात. ते बाजूला काढून ठेवा, मळले की फिक्या नारिंगीचे सुंदर मणी होतात. मी सगळी वळी एकदम बारीक करत नाही, अर्धी जाडच ठेवते. कधीतरी मोठी चकती लागते, आणि जाडीची बारीक करता येते, बारकीची जाड होत नाही.

कापण्याआधी वळी झाकण लावलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं. उन्हाळ्यात हे केल्याशिवाय कापायचंच नाही, चकती अंड्यासारखी लांबट होते. दाढीच्या ब्लेडची एक बाजू चिकटपट्टीने झाकून घ्या आणि ३ मिलिमीटरचे काप काढा. दर कापानंतर वळी पाव फेरा फिरवा, म्हणजे एकाच बाजूने चपटी होत नाही.

जाडी तीनच का, तर वजनासाठी. गोल मण्याचं वजन फसवं असतं. ८ मिलिमीटरची गोळी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, पण १२ मिलिमीटरची दीड ग्रॅमच्या पुढे जाते. व्यास दीडपट, वजन तिपटीहून जास्त. सुईवर असे आठ-दहा लोंबले की बारीक लोकरीचे टाके खाली ओढले जातात. ९ मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाड चकती अर्ध्या ग्रॅमच्याही आत राहते.

चकतीच्या कडा बोटाने हलके फिरवून बोथट करा. गोधडीच्या जाड सुईने सालीपासून २ मिलिमीटर आत भोक पाडा: एका बाजूने सुईचं टोक दुसरीकडे दिसेपर्यंत, मग उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार घातली तर मागे क्लेची धारदार कड उभी राहते, आणि तीच पुढे लोकर पकडते. बोटांचे ठसे उठले असतील तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

भाजणं

माझे पहिले मार्कर मी करपतील या धास्तीने लवकर बाहेर काढले होते. बाहेरून कडक लागले. दोन आठवड्यांनी भाच्याचा स्वेटर विणताना, गळ्याखाली चाळीसावी ओळ, एक मार्कर चिमटीत चुरला. खूण तर गेलीच, शिवाय नारिंगी चुरा पांढऱ्या लोकरीत पसरला. वाढवलेले टाके कुठे होते ते शोधायला मला सगळी ओळ डोळ्यांनी वाचावी लागली.

दोष क्लेचा नव्हता, तापमानाचा होता. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत फरक असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझं बटण ११० वर असताना आत ९० च आहे. तो थर्मामीटर ही या कामातली सर्वात महत्त्वाची खरेदी. बाकी सगळ्यांत काटकसर करा, इथे करू नका.

तापमान पाकिटावर असेल तेच. फिमोला ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, स्कल्पीच्या बहुतेक प्रकारांना १३५ अंशांच्या आसपास. फरशीची एक टाइल, तिच्यावर कोरा कागद, कागदावर चकत्या, आणि वरून अॅल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू. टाइल उष्णता धरून ठेवते, कागदामुळे तळाला चकचकीत डाग पडत नाहीत, आणि फॉइलमुळे वरच्या लाल झालेल्या सळईची थेट झळ लागत नाही. पांढरी क्ले त्या झळेनेच आधी पिवळी पडते. ओव्हन आधी तापवून तापमान स्थिर झाल्यावरच टाइल आत ठेवा आणि वेळ तेव्हापासून मोजा. मी दहा मिनिटं जास्तच देते. योग्य तापमानाला थोडा जादा वेळ गेला तर क्ले मजबूतच होते. तिला मारतं ते जादा तापमान.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नाही. पाण्यात उकळून चालेल का, असं मला खूपदा विचारतात. उकळतं पाणी १०० अंशांपुढे जात नाही आणि ओलीमुळे क्लेत पांढुरके चट्टे पडतात, म्हणून नाही. ओटीजी खाण्यासाठीही वापरत असाल तर क्लेसोबत खाद्यपदार्थ ठेवू नका, फॉइलच्या कडा घट्ट मिटा आणि खिडकी उघडी ठेवा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला आणि रंग तपकिरी होऊ लागला तर क्ले जळते आहे. लगेच ओव्हन बंद करा, खोलीच्या बाहेर या, हवा खेळू द्या. जळलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घशाला वाईट.

गरम असताना चकती मऊच लागते, घाबरू नका. थंड झाल्यावर ती घट्ट होते. प्रत्येक खेपेला मी चकत्यांसोबत उरलेल्या क्लेची एक पातळ पट्टी भाजते. गार झाल्यावर ती वाकवते. वाकली आणि परत सरळ झाली तर खेप पक्की. कट् करून तुटली तर सगळ्या चकत्या पुन्हा ओव्हनमध्ये. दुसऱ्यांदा भाजायला काही हरकत नाही.

नंतर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यावर घासा. फोडी ओल्या दिसू लागतात. नेलपॉलिश लावायचा मोह आवरा. ते काही दिवसांनी क्लेला चिकट करतं.

कडी

अर्धं यश इथे आहे. सुयांसाठी बंद गोल कडी आणि क्रोशासाठी उघडझाप करणारी, हा भेद पक्का लक्षात ठेवा. सुयांवरच्या विणकामात मार्कर सुईवर राहतो, दोन टाक्यांच्या मध्ये, आणि सरकत जातो. क्रोशात तो प्रत्यक्ष टाक्यात अडकवावा लागतो. क्रोशाची बाहुली फेरा न जोडता गोल गोल विणत जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याचा पहिला टाका खुणेने धरायचा आणि फेरा संपला की खूण काढून वरच्या टाक्यात लावायची. तिथे बंद कडी घातली तर ती कायमची आत विणली जाते, कापल्याशिवाय निघत नाही.

बंद कडीचं आतलं माप सुईपेक्षा थोडंसंच मोठं हवं. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. ८ नंबरच्या सुईला मी आतून ६ मिलिमीटरची कडी वापरते, १२ नंबरला साडेचारची. कडी फार मोठी झाली तर दोन टाक्यांत फट पडते आणि स्वेटरभर उभी शिडी दिसते. आणि कडीचं तोंड डाख देऊन बंद केलेलं घ्या. इतवारीत मणी-खड्यांच्या दुकानांत दागिन्यांचं सामान मिळतं, तिथे जोड नसलेली कडी दाखवा म्हटलं की कळतं.

चकतीच्या भोकातून एक लहान जंप रिंग, म्हणजे तोंड उघडता-मिटता येणारी तारेची कडी, जाते आणि ती मोठ्या कडीला धरते. जंप रिंग उघडताना दोन पक्कडींनी तिची टोकं ताणून लांब करू नका, आकार जातो. एक टोक आपल्याकडे, दुसरं समोर, असं पिळायचं आणि तसंच उलट पिळून मिटायचं, टोकं एकमेकांवर घासल्याचा टिक असा आवाज येईपर्यंत. क्रोशासाठी मोठ्या कडीऐवजी लॉबस्टर हुक (गळ्यातल्या साखळीला असतो तसा उघडझाप करणारा) लावा, नाहीतर मागून बंद होणारी कानातली तार.

शेवटची परीक्षा जुन्या शिफॉनच्या ओढणीवर. मार्कर तिच्यावरून चारही बाजूंनी फिरवा. कुठेही धागा उचलला गेला तर ती जागा बारीक पॉलिश पेपरने घासा. धातू शक्यतो स्टेनलेस स्टील. स्वस्त सोनेरी मुलामा घामाने काळा पडतो आणि पांढऱ्या लोकरीवर करडी रेघ सोडतो. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे आणखी लवकर.

स्वेटरसाठी मी चारांचा संच करते. तीन नारिंगी आणि एक हिरव्या सालीचा, कच्च्या संत्र्याचा. फेरा कुठे सुरू होतो ते हिरवा सांगतो. मोठ्या शालीचे टाके घालताना दर वीस टाक्यांनंतर एक चकती घालते. २४० टाके घालताना दारावरची घंटा वाजली तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

बाळाचं कापड असेल तर एक काम कधीही चुकवत नाही. सुरुवातीला किती मार्कर लावले तो आकडा नमुन्याच्या कागदावर लिहिते आणि कापड धुवायला टाकण्याआधी तितके डबीत परत आले का ते मोजते. मागच्या हिवाळ्यात पाच लावले होते, चारच परत आले. पाचवा डाव्या बाहीच्या मनगटाशी, उलट्या बाजूला, दुमडलेल्या पट्टीत सापडला.